तीन उजेडांचा पेच

मावशीच्या कोकणातल्या घराचं माजघर भर दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखं असतं. एका दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली, तिने कंदील लावला आणि ती तांदूळ निवडायला बसली. तैलरंगांची पेटी मी हौसेने सोबत नेली होती. कॅनव्हास लावला आणि म्हटलं, "मावशी, जरा हलू नकोस." "मग तांदूळ तू निवडणार का?" असं म्हणून ती निवडत राहिली. दोन तासांनी ते चित्र माझं मलाच आवडलं. सकाळी अंगणात आणून पाहिलं, तर मावशीला कावीळ झालेली. रात्री ज्या कोपऱ्यात मी मोठ्या कष्टाने चार-पाच वेगवेगळ्या सावल्या रंगवल्या होत्या, तिथे नुसता चॉकलेटी चिखल.

चूक कुठे झाली ते पुढे कळलं. ज्योतीच्या उजेडाचं रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास असतं, दुपारच्या उजेडाचं साडेपाच हजारांच्या घरात. कंदिलाशेजारी पॅलेटवरचा पिवळा आणि पांढरा जवळजवळ एकच दिसतात. पिवळा दिसेना म्हणून मी तो ओतत गेलो. निळा काळवंडलेला दिसत होता, म्हणून तोही हवा त्यापेक्षा उजळ केला. डोळ्यांनी जे पाहिलं तेच रंगवलं होतं, पण ज्या उजेडात रंगवलं त्या उजेडापुरतंच ते खरं होतं.

अंधाऱ्या खोलीतली माणसं तैलरंगात रंगवायची म्हणजे तीन उजेड एकदम सांभाळायचे. माणसावर पडणारा एक, कॅनव्हास आणि पॅलेटवर पडणारा दुसरा, आणि चित्र टांगल्यावर ज्या उजेडात लोक ते बघणार तो तिसरा. पहिला क्षीण ठेवावा तर चित्रकाराला रंग दिसत नाही. दुसरा वाढवावा तर तो खोलीत सांडून पहिल्याची वाट लावतो. तिसरा तर चित्रकाराच्या हातातच नसतो. या विषयाचा इतिहास साधारणपणे शैलींच्या नावांनी सांगतात. मला तो या पेचावर चित्रकारांनी काढलेल्या तोडग्यांचा इतिहास म्हणून वाचायला जास्त आवडतो.

आधी डोळ्याबद्दल थोडं. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं की सांज होते तशी लाल फुलं आधी काळी पडतात आणि निळी-हिरवी मात्र उजळत गेल्यासारखी वाटतात. मंद प्रकाशात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करू लागतात. त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही आणि बारीक तपशीलही कळत नाही. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. पॅलेटवर दिवा लावला की तो सराव काही क्षणांत मोडतो. त्यात मेणबत्तीचा हिशोब अगदी कंजूष. एक मीटरवर ती साधारण एक लक्स प्रकाश देते, दोन मीटरवर त्याचा चौथा हिस्सा. म्हणून दिव्याजवळच्या माणसाचं कपाळ झगझगतं आणि त्याच माणसाचा कोपर नाहीसा झालेला असतो. नवशिके इथेच फसतात. कोपर आहे हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते तो रंगवतात.

रंगाची स्वतःची मर्यादा आणखी वेगळी. पांढरा रंग पडलेल्या उजेडाचा फार तर नव्वद टक्के भाग परत फेकतो, आणि काळ्यातला काळाही तीन-चार टक्के फेकतोच. म्हणजे कॅनव्हासवर सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद यांत पंचवीस-तीस पटींचं अंतर मिळतं. खऱ्या खोलीत ज्योत आणि पलंगाखालची सावली यांतलं अंतर हजारो पटींचं असतं. तेव्हा दिवा रंगवता येत नाही. दिव्यामुळे बाकीच्यांचं काय झालं तेवढं रंगवता येतं. एकोणिसाव्या शतकातल्या देगा या फ्रेंच चित्रकाराने आपल्या टिपणवहीत संध्याकाळच्या, दिव्याच्या, मेणबत्तीच्या परिणामांवर काम करायचं म्हणून नोंद केली होती. तिचा रोख असा होता की प्रकाशाचा उगम दर वेळी दाखवू नये, परिणाम दाखवावा. देगा हे लिहायच्या अडीचशे वर्षं आधीच हे चित्रांतून सिद्ध झालेलं होतं.

हे सगळं तैलरंगातच का फुललं, याचं उत्तर पावसाळ्यात ओल्या झालेल्या शहाबादी फरशीत आहे. कोरडी फरशी राखाडी दिसते, ओली झाली की काळीभोर. रंगाच्या कणांभोवती हवा असेल तर प्रकाश वरच्यावर विखुरतो आणि गडद रंग पिठूळ दिसतो. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक १.४८ च्या आसपास, हवेचा १. कणांभोवती तेल असलं की प्रकाश आत शिरतो आणि गडद रंग खोल होतो. अंड्याच्या बलकात कालवलेल्या जुन्या टेम्पेरात अशी खोली मिळणं कठीण. शिवाय तेल सावकाश वाळतं, त्यामुळे उजेडाची कड सावलीत विरघळवायला सवड मिळते. लिओनार्दोच्या टिपणांत रात्रीचा प्रसंग कसा रंगवावा याच्या सूचना आहेत. आगीच्या आणि आपल्या मध्ये उभी असलेली माणसं काळी दिसतात, आगीजवळच्या वस्तू तांबूस होतात, असं तो सांगतो. चेहरे रंगवायला भिंती काळ्या केलेलं अंगण तो सुचवतो, तेही दिवस मावळताना. काळ्या भिंती कशासाठी, तर परावर्तित उजेड सावलीत घुसून ती पातळ करू नये म्हणून.

रोममधल्या कॅराव्हॅजिओ या चित्रकाराच्या पंथाबद्दल जुलिओ मान्चिनी या त्याच्याच काळातल्या वैद्याने आणि चित्ररसिकाने हेच लिहून ठेवलंय: वरून येणारा एकच उजेड, परावर्तन नाही, जणू एकुलत्या खिडकीची, भिंती काळ्या रंगवलेली खोली. १६०५ मध्ये रोममधल्या घरमालकिणीने थकलेल्या भाड्यासाठी आणि छताच्या नुकसानीसाठी कॅराव्हॅजिओचं सामान जप्त करवलं. घराच्या करारात त्याने छत अर्धं उघडायची मुभा घेऊन ठेवली होती. वरून उजेड घेण्यासाठीच ती खटपट असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे पेचावरचा पहिला तोडगा सुताराकडून करून घेतलेला होता. अंधार खराखुरा नव्हता, दिवसाचाच उजेड नीट कोंडून वापरला होता. त्याच्या चित्रांत पेटलेला दिवा क्वचितच दिसतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

दिवा चित्रात आणला तो त्याच्या मागून आलेल्यांनी. उत्रेख्तचा हॉन्टहॉर्स्ट रोममध्ये येऊन राहिला आणि इटालियन लोकांनी त्याचं नावच 'रात्रींचा गेरार्दो' असं ठेवलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं 'धर्मगुरूसमोर ख्रिस्त' हे १६१७ च्या सुमाराचं चित्र जवळपास पावणेतीन मीटर उंच, आणि त्यात टेबलावर एकच मेणबत्ती. इतर चित्रांत त्याची एक हुकमी युक्ती दिसते: कुणाचा तरी हात किंवा पाठमोरी आकृती ज्योतीच्या आड उभी करायची. ज्योत झाकली की तिच्याशी स्पर्धा संपते आणि पॅलेटवरचा सगळा पांढरा समोरच्या चेहऱ्यांसाठी मोकळा होतो. चलाख तोडगा आहे, पण दहा चित्रं पाहिली की युक्ती ओळखू येते आणि माणसं मागे पडतात.

ज्योत झाकायची आणि तरीही माणूस मागे पडू द्यायचा नाही, हे जॉर्ज द ला तूरला जमलं. लोरेनमधल्या ल्यूनेव्हिलचा हा चित्रकार १६५२ मध्ये वारला. मग तो इतका विसरला गेला की त्याची चित्रं त्याला परत मिळवून द्यायला हेर्मान फोस या जर्मन अभ्यासकाने सुरुवात केली ती थेट १९१५ मध्ये. लूव्हरमधल्या 'सुतार जोसेफ'मध्ये म्हातारा जोसेफ वाकून गिरमिटाने लाकडाला भोक पाडतोय आणि समोर लहानगा येशू मेणबत्ती धरून बसलाय. वाऱ्याने विझू नये म्हणून मुलाने दुसरा हात ज्योतीआड धरलाय. उजेड त्या हातातून आरपार येतो. बोटं आतून तांबडी झालीत, नखांच्या कडा दिसतात. आपण सगळ्यांनी लहानपणी वीज गेल्यावर बॅटरीवर तळवा ठेवून हे पाहिलेलं आहे. इथेही ज्योत झाकायचीच युक्ती आहे, पण झाकणारा हात हाच चित्राचा विषय झालाय. ला तूर आकार सोपे करतो. सुरकुत्या आणि घड्या शोधत बसत नाही, कारण मेणबत्तीच्या उजेडात त्या दिसतच नाहीत. त्याचे लाल रंग दबके, जवळजवळ विटेचे. निळा तर फारसा नाहीच. कंदिलाने मला जिथे फसवलं तिथे हा सावधपणे वळसा घालून गेला.

रेम्ब्रांटबद्दल उलट तक्रार करावी लागते. त्याच्या अंधाराची कीर्ती थोडी वार्निशची आहे. १६४२ चं 'नाइट वॉच' हे रात्रीचं चित्र नाही. कॅप्टन बॅनिंग कॉक दिवसाउजेडी तुकडी घेऊन निघालाय. वार्निश आणि धुराने चित्र काळवंडलं आणि अठराव्या शतकाच्या शेवटी त्याला हे नाव चिकटलं. १९४६-४७ मध्ये जुना थर काढला तेव्हा दिवस उजाडला. खरा अंधार हवा असेल तर पॅरिसच्या जाकमार-आंद्रे संग्रहालयातलं १६२९ च्या सुमाराचं 'एमाउसचं जेवण' पाहावं. चित्र तसं लहानच. दिवा ख्रिस्ताच्या मागे, त्यामुळे ख्रिस्त नुसती काळी बाह्याकृती, आणि समोर दचकलेल्या शिष्याचा चेहरा उजळलेला. मागे दूर स्वयंपाकघरात दुसरा छोटा उजेड, तिथे एक बाई आपल्या कामात. हा दुसरा उजेड नसता तर पहिला नाटकी झाला असता.

डच चित्रकारांकडून घ्यायची खरी गोष्ट जाडीची आहे. उजेडाचा भाग शिशाच्या पांढऱ्याने जाड, सावली पातळ, पारदर्शक, खालच्या तपकिरी अस्तराला अर्धवट दिसू देणारी. जाड रंगाच्या कंगोऱ्यांवर खोलीतला उजेड प्रत्यक्ष अडकतो. तोच कंगोरा गडद भागात राहिला तर तिथे चकाकी येऊन अंधार फाटतो. माझ्या चिखलाचं दुसरं कारण हेच होतं: सावलीत पांढरा मिसळून मी तिला पिठूळ केलं होतं. तिसरं कारण रसायनाचं. अंबर हा रंग पुष्कळ तेल पितो, वाळताना खालचा थर वरचं तेल ओढून घेतो आणि गडद भाग मुका, राखाडी पडतो. जाणकार तिथे वाळल्यावर तेलाचा पातळ हात फिरवून, पुसून मग पुढे जातात, आणि पहिले थर टर्पेंटाइनमध्ये पातळ ठेवून तेलाचं प्रमाण वर वर वाढवत नेतात. ट्यूबमधल्या काळ्यावर बंदी घालणारे शिक्षक मला अतिरेकी वाटतात, पण त्यांचं म्हणणं समजतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून केलेला काळा गरज पडेल तसा थंड किंवा उबदार वळवता येतो. लॅम्प ब्लॅक म्हणजे तर आपलं काजळच, दिव्याची काजळी धरून केलेलं. दिव्याखालचा अंधार रंगवायला दिव्याचीच काजळी! कल्पनेला ते फार छान वाटतं, पण पांढऱ्यात मिसळला की हा काळा निळसर आणि थंड होतो. उबदार रंगांशेजारी ठेवलेला तोच राखाडी चक्क निळा भासतो, आणि मंद खोलीत निळा न वापरता निळा दाखवायची याहून स्वस्त सोय नाही.

खोल तपकिरीच्या हव्यासाने लोकांनी काय काय केलं, त्यात डांबराचा अध्याय दुःखद आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बिट्युमेन, म्हणजे डांबरच, सावल्यांसाठी वापरायची टूम निघाली. ओलं असताना ते मधासारखं सुंदर दिसतं. पण ते कधी पुरतं वाळत नाही. वरचे थर सरकतात आणि मगरीच्या पाठीसारखे तडे जातात. रेनल्ड्ससारख्या नावाजलेल्या चित्रकारांचीही चित्रं यात गेली.

डर्बीच्या जोसेफ राइटने पेच मिस्त्रीच्या डोक्याने सोडवला. खोलीच्या छतापर्यंत पोचणारा, घडीच्या पडद्यासारखा लाकडी सांगाडा त्याने करवून घेतला होता. त्याला काळ्या कागदाने मढवलेल्या, बिजागरीवर उघडणाऱ्या झडपा. आत नमुना आणि दिवा, बाहेर राइट. हवी ती झडप उघडून तो आत बघे. पहिला उजेड आत कोंडलेला, दुसरा बाहेर त्याच्या सोयीचा. १७६८ च्या 'हवेच्या पंपातला पक्षी' या चित्रात दिवा काचपात्राच्या आड आहे, आणि सभोवतीच्या प्रत्येक चेहऱ्याला त्याच्या अंतराप्रमाणे उजेडाचा वाटा मिळालाय. कुतूहल, भीती, कंटाळा, आणि तोंड झाकून घेणारी मुलगी.

यानंतरचा तोडगा यंत्राचा नाही, आठवणीचा. १८८५ च्या वसंतात न्यूनेन गावात व्हॅन गॉगने 'बटाटे खाणारे' रंगवलं. त्याआधी सगळा हिवाळा त्याने शेतकऱ्यांची डोकी अभ्यासली, आणि अखेरचं चित्र बरंचसं आठवणीने पुरं केलं. आधी चेहरे त्वचेच्या रंगात रंगवले होते. ते त्याने पुसून धूळभरल्या, न सोललेल्या बटाट्याच्या रंगात पुन्हा केले. चित्रातला पांढरा हा जवळजवळ पांढरा नाहीच, हिंगुळी लाल, पॅरिस निळा आणि नेपल्स पिवळा मिसळून केलेला राखाडी आहे, असं तो भावाला कळवतो. चित्राबाहेर काढला तर तो बऱ्यापैकी काळसर, टांगत्या दिव्याखाली पांढरा. माझ्या मते मंद उजेडाचं सारं व्याकरण या एका राखाडीत आहे. आणि तिसऱ्या उजेडाचीही चिंता त्यानेच उघडपणे केली: चित्र सोनेरी चौकटीत किंवा पिकल्या गव्हाच्या गडद रंगाच्या भिंतीवर लावा, काळपट निस्तेज भिंतीवर लावू नका.

कोपनहेगनचा चित्रकार हॅमरशॉय याच्या उलट टोकाला. दिव्याऐवजी ढगाळ दिवसाचा राखाडी, पाठमोरी पत्नी, आणि अपार्टमेंटच्या त्याच त्या खोल्या. मात्र १९०१-०२ मध्ये त्याने पाच मित्रांना रात्री मेणबत्त्यांच्या टेबलाभोवती बसवलं. ते मोठं चित्र स्टॉकहोमच्या थील गॅलरीत आहे. त्यात कुणी कुणाशी बोलत नाही. एकाच्या बुटाचे तळवे पुढे आलेले. अंधारात माणसं एकत्र बसली म्हणजे जवळ आली असं नाही, हे इतकं रोखठोक कुणी रंगवलं नसावं.

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात मेणबत्तीने नाही, लेण्यांपासून होते. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला तैलरंगांत करत होता. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ जॉन ग्रिफिथ्स जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तिथे गेला. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. या पोरांनी अंधाऱ्या विहारात उभं राहून भिंतीवरच्या माणसांच्या नकला तैलरंगांत केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. चित्रं नीट दिसावीत म्हणून नकलाकारांनी मूळ भिंतींवर वार्निश फिरवलं. ओल्या फरशीचाच न्याय: रंग क्षणभर खोल झाले, आणि पुढे ते वार्निश पिवळं, तपकिरी होत गेलं. दुसऱ्या उजेडाची सोय करायला गेले आणि तिसऱ्या उजेडात बघणाऱ्या आपल्या सगळ्यांचं नुकसान झालं. आज तिथे चढवलेले थर काढणं हेच संवर्धकांचं मोठं काम होऊन बसलंय.

बॉम्बे स्कूलच्या पुढच्या पिढीत गोव्याचे आंतोनियो शावियर त्रिंदाद यांना 'पूर्वेचा रेम्ब्रांट' म्हणत. 'दोल्चे फार निएन्ते' या त्यांच्या चित्राला १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्यांचा मोठा संग्रह आता पणजीत फुंदासांव ओरिएंतमध्ये पाहायला मिळतो. बिरुद जरा सैल आहे, पण सावलीतल्या त्वचेत रंग जिवंत ठेवण्याची त्यांची हातोटी पाहता ते का दिलं असावं हे कळतं.

आणि ज्या चित्रावाचून मराठी वाचक हा आढावा पुरा मानणार नाही, ते तैलचित्रच नाही. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं 'ग्लो ऑफ होप' रवि वर्म्यांच्या नावावर खपवलं जातं आणि तैलचित्र म्हणूनही. ते १९४५-४६ चं जलरंगचित्र आहे. दिवाळीत दिवा घेऊन उभी असलेली त्यांची मुलगीच त्यात आहे. ज्योतीआड धरलेला हात इथेही आहे आणि बोटं इथेही आतून तांबडी आहेत. तैलरंगात उजेड शेवटी, जाड, वरून ठेवता येतो. जलरंगात तो आधीपासून कागदाचा कोराच राखावा लागतो आणि चुकलं तर झाकायला काही नसतं. तैलरंग हवाच, असं वर मी म्हटलं खरं. हळदणकरांनी ते खोटं पाडलंय आणि माझी त्याला हरकत नाही.

आता रंगवणाऱ्यांपुढे नवी अडचण फोनची. रात्रीचा फोटो घेतला की फोन स्वतःच सावल्या उपसून काढतो. नाहीसा झालेला कोपर परत आणून देतो. तो फोटो समोर ठेवून रंगवलेलं चित्र लगेच ओळखू येतं, त्यात अंधारालाही तपशील असतो. दिग्दर्शक कुब्रिकने 'बॅरी लिंडन' या चित्रपटात मेणबत्तीवर प्रसंग घेताना त्साइसची एफ ०.७ ची भिंगं वापरली आणि उथळ फोकस पत्करला, पण अंधार उपसला नाही. ईझलला अडकवायचे छोटे एलईडी दिवे मात्र खरोखर उपयोगाचे. दिवसाच्या रंगाचा, मंद, नुसत्या कॅनव्हासवर पडणारा उजेड देणारा दिवा मिळाला की राइटच्या झडपांचं काम निम्मं होतं. मी हल्ली खोलीत बसून पेन्सिलने फक्त उजेडाच्या जागा टिपतो, रंगांची नावं शब्दांत लिहितो आणि सकाळी रंगवतो. मावशीचं लुगडं निळं होतं, कंदिलापाशी ते काळं-हिरवं दिसलं, हे लिहून ठेवलं की पुरे.

तिसऱ्या उजेडाचा गमतीदार बंदोबस्त रोममध्ये आहे. सान लुइजी देई फ्रान्चेसी या चर्चच्या कोपऱ्यातल्या छोट्या कॉन्तारेल्ली चॅपलमध्ये डाव्या भिंतीवर कॅराव्हॅजिओचं १५९९-१६०० मधलं 'संत मॅथ्यूला हाक' आहे. काळवंडलेली खोली, टेबलाभोवती पैसे मोजणारी माणसं. चित्रात एक खिडकी दिसते, पण तिच्यातून काहीच येत नाही. उजेड येतो उजवीकडून, वरून. चॅपलची खरी खिडकी वेदीच्या वर, त्याच बाजूला आहे. चॅपल इतकं अंधारं की बघायला आलेल्यांनी पेटीत नाणं टाकायचं. दिवे लागतात, माना वर होतात. थोड्या वेळाने खट्‌ असा आवाज होऊन ते विझतात. मग डोळे सरावेपर्यंत त्या खिडकीच्या उजेडात टेबलावरची नाणी आणि मॅथ्यूचा स्वतःकडे वळलेला हात तेवढा दिसत राहतो, आणि मागून कुणीतरी खिसा चाचपतं.